मागं जनावर, पुढं रोजा

मार्चमधली दुपार. बीडकडून गेवराईकडं येणारा एक ट्रक महामार्गाच्या कडेला, झाडाची सावली बघून थांबतो. हौद्यात चार बैल. त्यांच्यामागं खोललेल्या बैलगाडीची चाकं, जू, पत्र्याची पेटी, भांड्यांचं बोचकं आणि पाटीखाली झाकलेल्या दोन कोंबड्या. ऊसतोडीचा हंगाम आटोपून एक टोळी गावाकडं निघालेली असते. चालक खाली उतरतो, टायरवर हात ठेवून बघतो आणि क्लीनरला डबा घेऊन हापशाकडं धाडतो. पहिला डबा बैलांना. दुसराही बैलांनाच. टोळीतली बाई लेकरांना पाणी पाजते, स्वतः पिते आणि सवयीनं चालकापुढं तांब्या धरते. तो मानेनंच नको म्हणतो. मग तिच्या ध्यानात येतं, रोजे चालू आहेत.

उमापूर अजून तासाभराच्या वाटेवर असतं. इफ्तारला, म्हणजे रोजा सोडायला, अडीच तास बाकी. हिशेब बरोबर बसला तर रोजा गावातल्या मशिदीत सुटेल. पण जनावराच्या गाडीचा हिशेब सहसा बरोबर बसत नाही.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडं निघालेले आणि मार्च-एप्रिलात परतणारे ट्रक बीड जिल्ह्यात सगळ्यांनी पाहिलेत. कोयता, उचल, मुकादम हे शब्द इथल्या पोरांना शाळेच्या आधी कळतात. या स्थलांतरावर पुष्कळ लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. त्या ट्रकच्या स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही. गाडी त्याची नसते, ती गेवराईच्या किंवा शेवगावच्या एखाद्या मालकाची. हौद्यातली जनावरं त्याची नसतात, ती टोळीची, शेतकऱ्याची नाहीतर व्यापाऱ्याची. भाडं ठरवतो मुकादम किंवा मालक. चालकाच्या वाट्याला येतो फेरीचा भत्ता आणि वाटेत जे घडेल ते सगळं.

उमापूर आणि भोवतालच्या गावांतून अशी कामं करणाऱ्यांत हिंदू चालक आहेत, मुस्लिमही आहेत. घरची जमीन नाही किंवा आहे ती भावांत वाटून बांधापुरती उरलेली. लायसन निघालं की पोरगं आधी पिकअपवर बसतं, मग चारशे सातवर, मग आयशरवर. सिमेंट, कांदा, सरकी, खत असं काहीही भरलं जातं. जनावराचं भाडं मात्र सगळेच घेत नाहीत. ते घेणारे चालक वेगळे ओळखू येतात. त्यांच्या केबिनमध्ये जादा दोर, एक कोयता, दोन बादल्या आणि कागदांनी फुगलेली प्लास्टिकची पिशवी असते.

जनावराचं भाडं वेगळं का, हे सिमेंटची गाडी चालवणाऱ्याला विचारावं. पोतं जिथं ठेवलं तिथं बसून राहतं. बैल चार पायांवर उभा असतो आणि गाडीच्या प्रत्येक हालचालीला उत्तर देतो. वळणावर तो कलतो, ब्रेक लागला की पुढं झेपावतो, स्पीडब्रेकरवर त्याचे खूर सुटतात. एकदा का जनावर हौद्यात बसलं किंवा पडलं, की बाकीच्यांच्या पायाखाली येतं. म्हणून जाणता चालक गिअर आधी उतरवतो आणि ब्रेक शेवटी दाबतो. मागून येणारे शिव्या घालतात, त्याला इलाज नाही. त्याचा अर्धा कान इंजिनाकडं असतो आणि अर्धा हौद्याकडं. खुरांचा आवाज एका लयीत येतोय तोवर ठीक. आवाज एकदम थांबला किंवा फळीवर धडका बसायला लागल्या, तर गाडी बाजूला घ्यायची.

चढवण्याची तर वेगळीच कला. फळी टाकून बैल वर चढत नाही, चढला तरी घसरतो. मग गाडी एखाद्या उंच बांधाला उलटी लावतात, फाळका पाडला की बांध आणि हौदा एका पातळीत येतात आणि बैल चालत आत जातो. हौद्यात वाळू नाहीतर पाचट पसरलेलं असतं, नुसत्या पत्र्यावर खूर टिकत नाहीत. तोंड शक्यतो इंजिनाकडं. जोडीतले दोघं शेजारी-शेजारी उभे करायचे, कारण जन्मभर एकाच बाजूला जुंपलेला बैल जोडीदार दुसऱ्या कोपऱ्यात दिसला की अस्वस्थ होतो. कासरा इतकाच लांब की मान खाली नेता यावी, पण पाय अडकू नये. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. क्लीनर म्हणून दोन-चार वर्षं मागं उभं राहिलं की येतं, नाहीतर येत नाही.

शेळ्यांचं गणित निराळं. बैल एकटा पडतो, शेळ्या एकमेकींवर पडतात. उतारावर पन्नास शेळ्या पुढच्या कोपऱ्यात सरकल्या की खालची गुदमरते आणि वरून काही दिसत नाही. मराठवाड्यातली काळी उस्मानाबादी शेळी अंगानं काटक, तरी गर्दीपुढं तिचंही काही चालत नाही. रमजानात मटणाची मागणी वाढते, बकरी ईदच्या आधी तर मुंबईत १९७१ पासून चालू असलेल्या देवनारच्या आवारात राज्याराज्यांतून बकरे उतरतात. त्या दिवसांत रात्रीच्या गाड्यांना उसंत नसते. माल वेळेत पोचला पाहिजे आणि जिवंत पोचला पाहिजे, या दोन्ही अटी एकाच माणसावर असतात. पहिली अट त्याला घाई करायला सांगते, दुसरी सावकाश जायला.

कायद्यानंही यात पुष्कळ काही सांगून ठेवलंय. १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणं साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं घालता येत नाहीत. पशुवैद्याचा दाखला लागतो, सोबत माणूस लागतो, आणि जनावरांबरोबर दुसरा माल भरायचा नाही. साडेचार-पाच टनांच्या गाडीत शेळ्या-मेंढ्या जास्तीत जास्त ४०. पुढं २०१६ पासून मोटार वाहन नियमांत हौद्यात कायमचे कप्पे करण्याची अट आली. गाय-म्हशीला प्रत्येकी दोन चौरस मीटर जागा, शेळीला ०.३ चौरस मीटर. आणि २०२४ च्या जूनपासून महाराष्ट्रात कानाला बिल्ला, म्हणजे बारा आकडी नंबरचा टॅग असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही.

नियम वाचले तर एकही चुकीचा वाटत नाही. मुक्या जनावराच्या बाजूनं कुणीतरी बसून विचार केलाय, हे दिसतं. आता ते उमापूरच्या रस्त्यावर आणून बघा. गेवराईहून कोल्हापूरच्या कारखान्यांची वाट साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं जाते. ताशी ४० नं गेलं तर नुसती चाकं फिरण्याचे नऊ तास होतात. त्यात पाणी, वैरण, टोळीतल्या लेकरांचं थांबणं धरलं तर एक दिवस गेला. दुसरा माल नको म्हणायचं, पण ऊसतोड मजुराचा बैल आणि त्याची गाडी, पेटी, चूल हे वेगवेगळ्या ट्रकनं जाणार कसं? ते भाडं कोण देणार? सहा गुरांच्या हिशेबानं भाडं लावलं तर ते शेतकऱ्याला परवडत नाही, आणि शेतकऱ्याला परवडेल ते भाडं मालकाच्या डिझेललाही पुरत नाही. मग हौद्यात आठवा बैल चढतो, दहावा चढतो. चढवायचं ठरवतो एक, पकडला जातो दुसरा.

जाता जाता एक गंमत. शेळ्यांची ती ४० ची मर्यादा मुस्लिम घरांत वेगळ्या कारणानं माहीत असते. रमजानात जकात काढण्याचा रिवाज आहे. जकात म्हणजे वर्षभर जवळ राहिलेल्या मालमत्तेतला गरिबांचा ठरलेला वाटा. रोख आणि सोन्यावर अडीच टक्के, हे पुष्कळ हिंदू वाचकांनाही ऐकून ठाऊक असेल. पण चरणाऱ्या जनावरांवरही जकात आहे आणि शेळ्यांच्या बाबतीत ती ४० पासून सुरू होते. चाळिसावर एक शेळी. म्हणजे एक ट्रक नियमात भरला, तर त्यातली एक शेळी कुणा गरजूची. अर्थात ज्याच्या मालकीचा कळप त्याला हे लागू. चालकाच्या दावणीला बहुतेक वेळा दोन-तीनच शेळ्या असतात.

रमजान आणि प्रवास यांचं नातं कुरआनातच स्पष्ट केलेलं आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींत आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा पुढं ढकलण्याची मुभा दिलीय. सुटलेले रोजे नंतर, वर्षातल्या इतर दिवसांत भरून काढायचे. त्याला कजा म्हणतात. आपल्याकडं बहुसंख्य मुसलमान ज्या हनफी परंपरेप्रमाणं वागतात, तिच्यात साधारण ४८ मैलांच्या, म्हणजे ७७-७८ किलोमीटरच्या पुढं जायला निघालेला माणूस मुसाफिर धरतात. उमापूरहून कोल्हापूर, पुणे, मुंबई कुठंही जाणारा चालक त्यात बसतो. म्हणजे सवलत आहेच. प्रश्न इतकाच की ज्याचं पोटच प्रवासावर, त्यानं ती घ्यायची किती दिवस? तीस रोज्यांपैकी वीस दिवस गाडीवर गेले तर वीस कजा अंगावर. ईदनंतर पुन्हा गाडी आहेच. काहीजण हे रोजे थंडीत भरतात, तेव्हा दिवस लहान असतो. काहींचे मागच्या वर्षीचेच राहिलेले असतात आणि ते ही गोष्ट हळू आवाजात सांगतात.

बरेच चालक सवलत असूनही रोजा धरतात. घरी बायको रोजा, आई रोजा, शाळेतलं पोरगंही हट्टानं रोजा, मग आपणच ढाब्यावर बसून कसं खायचं, असं वाटतं. ही भावना मोलाची आहे. तरीही इथं एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. रमजानात चालकाची झोप दोन तुकड्यांत होते. रात्री तरावीहची लांब नमाज, पहाटे पाचच्या आत सहरी, मध्ये तीन-चार तास. दुपारी दोन-तीनला डोळे जड होतात. हौद्यात जनावर, मागं टोळीतली बायका-पोरं आणि समोरून येणारी एसटी, अशा वेळी डुलकी लागली तर त्याची कजा कुठल्याच महिन्यात भरता येत नाही. मुभा याच दिवसांसाठी दिलेली आहे. ती घेणारा कमी मुसलमान ठरत नाही, हे मशिदींतून दरवर्षी रमजानच्या आधी एकदा सांगायला काय हरकत आहे?

जनावरांच्या बाबतीत तर पैगंबरांच्या शिकवणीत नेमक्या प्रवासाचीच उदाहरणं सापडतात. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात उंटांच्या प्रवासाबद्दल एक सूचना आहे. तिचा आशय असा, की हिरवळीच्या भागातून जात असाल तर उंटाला त्याचा चाऱ्याचा वाटा मिळू द्या, आणि दुष्काळी भागातून जात असाल तर रेंगाळू नका, लवकर पार व्हा. अबू दाऊदच्या संग्रहात आणखी एक प्रसंग येतो. मदिनेतल्या एका बागेत एक उंट पैगंबरांना बघून रडू लागला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मालक कोण म्हणून विचारलं आणि त्या तरुणाला बजावलं, की तू याला उपाशी ठेवतोस आणि थकेपर्यंत राबवतोस, या मुक्या जिवाबद्दल अल्लाहची भीती बाळग. चौदाशे वर्षांपूर्वी ट्रक नव्हते, जादा भार मात्र तेव्हाही होता.

दुष्काळी भागातून लवकर पार व्हा, हे बीडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २०१९ चा रमजान इथल्या चालकांच्या चांगला लक्षात आहे. ७ मेला पहिला रोजा, ५ जूनला ईद. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तितका मागं सरकतो. त्या वर्षी तो ऐन उन्हाळ्यात आणि ऐन दुष्काळात आला. आधीचा पावसाळा कोरडा गेलेला, विहिरी तळाला, जिल्हाभर शेकडो चारा छावण्या उभ्या राहिलेल्या. गोठ्यातून छावणीत जनावरं न्यायची, छावण्यांना ऊस, वाढं आणि कडबा पोचवायचा, पाण्याच्या टाक्या ओढायच्या, ही सगळी कामं याच गाड्यांनी केली. चौदा-साडेचौदा तासांचा रोजा, केबिनमध्ये इंजिनाची धग आणि पायाखाली तापलेला पत्रा. छावणीच्या दावणीला उभी राहिलेली जनावरं हिंदू शेतकऱ्यांची होती, मुसलमान शेतकऱ्यांचीही होती. पाण्याचा टँकर येताच सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळायची.

तेव्हापासून रमजान मागं सरकत हंगामाच्या शेवटाशी, फेब्रुवारी-मार्चशी येऊन भिडलाय. पुढं तो थंडीत जाईल. २०३० साली तर एकाच वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. थंडीतल्या रोज्यांना चालकांची ना नाही. मात्र तेव्हा कारखाने भरात असतात.

ऊन, झोप, तहान यांच्यापेक्षाही एका गोष्टीचं ओझं अलीकडं जास्त झालंय. ते म्हणजे रस्त्यात गाडी अडवली जाण्याचं. २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात प्राणी संरक्षण कायद्याची दुरुस्ती लागू झाली. गायीच्या जोडीला बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कत्तलीसाठी वाहतूक करणंही गुन्हा. म्हैस या बंदीत नाही, आणि शेतीसाठी, बाजारासाठी, ऊसतोडीसाठी बैल नेण्याला कायद्याची आडकाठी नाही. पण रात्री अकरा वाजता आडरस्त्याला मोटारसायकली आडव्या लावून उभ्या राहिलेल्यांना हे समजावणार कोण? ते आधी चालकाचं नाव विचारतात. बैल कुणाचा, कुठं चाललाय, पावती आहे का, हे प्रश्न नंतर येतात. कधीकधी येतच नाहीत.

२०२३ च्या जूनमध्ये इगतपुरी-कसारा पट्ट्यात अशा गाड्या अडवून झालेल्या मारहाणीत, दोन वेगवेगळ्या घटनांत माणसं दगावली. सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या पाच वर्षं आधीच, १७ जुलै २०१८ ला, जमावानं कायदा हातात घेण्याविरुद्ध कडक निर्देश दिले होते आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं होतं. गाडी तपासणं हे पोलिसांचं काम आहे, हे लहान पोरालाही कळतं. रस्त्यावर ते चालतंच असं नाही. म्हणून जनावराचं भाडं घेणारे मुस्लिम चालक आता शक्य तिथं शेतकऱ्याला किंवा टोळीतल्या कुणाला तरी केबिनमध्ये शेजारी बसवून घेतात. जनावराला सोबती असावा असं १९७८ चे नियम म्हणतातच. आता सोबतीची गरज चालकाला जास्त असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हे लिहिणं एकांगी होईल. क्षमतेच्या तिप्पट जनावरं कोंबलेल्या, ताडपत्रीनं झाकलेल्या, पाय आखडून बांधलेल्या गाड्या पकडल्या जातात आणि त्यात मेलेली जनावरं सापडतात. हे खोटं नाही. असं भाडं घेणारा चालक गरीब होता म्हणून त्याचा दोष जात नाही. मदिनेतल्या बागेतल्या उंटाची गोष्ट ऐकून मान डोलवायची आणि रात्री असा हौदा भरायचा, हे रमजानात तर नाहीच, एरवीही शोभत नाही.

शिक्षेची वाटणी मात्र बघण्यासारखी आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, साठ वर्षांपूर्वी लिहिला तसाच. खरी शिक्षा वेगळीच होते. २०१७ च्या नियमांप्रमाणं जप्त जनावरं निकाल लागेपर्यंत गोशाळेत किंवा पांजरपोळात ठेवता येतात. त्यांच्या चाऱ्यापाण्याच्या खर्चाला जनावराचा मालक, वाहतूकदार आणि गाडीमालक सगळे जबाबदार, आणि त्या खर्चाला तारण म्हणून गाडी अडकून राहते. ठाण्याच्या आवारात धूळ खात उभ्या असलेल्या गाडीचे हप्ते थांबत नाहीत. मालक तो तोटा चालकाच्या डोक्यावर ठेवतो किंवा दुसरा चालक बघतो. जनावर भरून देणारा व्यापारी तोवर दुसऱ्या गाडीच्या शोधात असतो.

याची झळ शेवटी दावणीपर्यंत आली. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजानं, रस्त्यावरच्या त्रासाला कंटाळून, राज्यभर मोठ्या जनावरांची खरेदी बंद ठेवली. बाजार ओस पडले आणि आवाज उठवला तो शेतकऱ्यांनी. भाकड म्हैस विकून दुभती आणायची, हे शेतकऱ्याचं साधं चक्र. ते चक्र फिरतं चालकाच्या चाकांवर. घोडेगाव, काष्टी, नेकनूरच्या बाजारात जनावराचा सौदा रुमालाखाली बोटांनी होतो. त्यात विकणारा पाटील असतो, घेणारा मोमीन असतो, किंवा उलट. तिथं कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

आणि याच जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यातल्या दहीवंडीचे शब्बीर सय्यद आहेत. लोक त्यांना शब्बीर मामू म्हणतात. खाटीक घराण्यात जन्मलेल्या या माणसानं आयुष्य भाकड, टाकलेल्या, कुणाला नकोशा झालेल्या गायी सांभाळण्यात घालवलं. शेणखत विकून आणि शेतकऱ्यांना कामाचे बैल देऊन ते गोठा चालवत आले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुष्काळाचं तेच वर्ष. त्यांचं कौतुक करायला सगळे जातात, जायलाच पाहिजे. पण शंभराच्या वर जनावरांना चारा घालणारा तो एक मामू आणि एका पैशाच्या भत्त्यासाठी जनावराची गाडी हाकणारा उमापूरचा चालक, हे दोघं एकाच कुळातले आहेत, हे त्या रात्रीच्या आडरस्त्यावर कुणाच्या मनात येत नाही.

काम कमीही होत चाललंय. ऊसतोडीत बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरमागं जोडायचा अंगद आला, त्याला वैरण लागत नाही आणि त्याला ट्रकमध्ये चढवावंही लागत नाही. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीची साथ आली तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली आणि ऐन टोळ्या निघायच्या तोंडावर बैलांचं काय करायचं हा घोर लागला. त्या हंगामानंतर बैल विकून अंगदकडं वळलेलेही आहेत. चालकांच्या पुढच्या पिढीतली पोरं जनावराचं भाडं आलं की फोन उचलत नाहीत. त्यांना दोष कसा द्यायचा?

तरी अजून बैल आहेत, आणि हंगाम संपला की ते घरी आणायचेच असतात. गेवराईच्या अलीकडं सावलीत थांबलेली ती गाडी पुन्हा निघते. मधेच एका बैलाचा कासरा सुटतो, पुन्हा थांबावं लागतं. उमापूर दिसायच्या आतच सूर्य टेकतो. साडेसहाच्या सुमारास चालक रस्त्याकडेच्या एका टपरीपुढं गाडी घेतो, खिशातल्या पुडीतला खजूर काढतो. टपरीवाल्यानं न सांगता पाण्याचा तांब्या पुढं केलेला असतो, टोळीतल्या बाईनं सकाळची भाकरी आणि ठेचा कागदावर काढलेला असतो. खजूर, पाणी, दोन घास. मग मगरिबची नमाज गाडीच्या आडोशाला. तेवढ्या वेळात टोळीतला म्हातारा हौद्यात चढून बैलांच्या पाठीवरून हात फिरवतो.

गावाबाहेरच्या बांधाला गाडी उलटी लागते तेव्हा तरावीहची वेळ झालेली असते. फाळका पडतो. अंधारात बैल आधी थबकतात, नाकपुड्या फुलवून वास घेतात आणि मग कुणी न ओढता एकामागं एक उतरतात. पाच महिन्यांनी गावची माती पायाखाली आलेली असते. टोळीची माणसं पेटी, चाकं, भांडी उतरवून घेतात. चालक बॅटरी घेऊन मोकळ्या हौद्यात शिरतो, शेण-पाचट खराट्यानं ओढून बाहेर लोटतो आणि बादलीभर पाणी मारतो. पहाटे सहरीनंतर कांद्याचं भाडं आहे.